सेवा कोणाची? शिक्षण कशाचे?

गंगाखेडास गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. ह्या गंगेच्या काठी संत जनाबाईचा जन्म झाला, अशी परंपरा आहे. शूद्राच्या घरची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरास नामदेवांच्या घरी गेली आणि दासी म्हणून राहिली. दळण, कांडण, झाडलोट ह्यांत तिचा जन्म सरला. तिच्या भक्तीचा गौरव गेली सातशे वर्षे होत आला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु ह्या गौरवाच्या गर्दीत एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून गेला. ती मुलगी मुळात दासी का झाली?

आजही शाळा-महाविद्यालयांतून आपल्या मुलांना सेवेचे आणि नागरिकत्वाचे धडे दिले जातात, तेव्हा हाच प्रश्न विचारावयाचा राहून जातो. म्हणून नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे ह्या विषयावर स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. हक्कांचा इतिहास मुलांना कसा शिकवावयाचा आणि सेवा म्हणून त्यांच्या हाती काय द्यावयाचे, हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. ते एकच आहेत.

प्रथम आज काय चालले आहे ते पाहू. शाळेत नागरिकशास्त्राचे धडे आहेत. २६ नोव्हेंबरला संविधान दिन होतो. २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रातील शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे सामुदायिक वाचन सुरू झाले. महाविद्यालयांत १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे; तिच्यात विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची असते आणि सात दिवसांचे शिबिर करावयाचे असते. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाने तर समाजात जाऊन केलेल्या कामास पदवीच्या अभ्यासक्रमातच स्थान दिले. ह्यांतील एकाही गोष्टीस आमचा विरोध नाही. प्रश्न असा आहे की, ह्या तासांत आणि ह्या दिवसांत प्रत्यक्षात होते काय?

होते ते असे. शिबिर गावात येते. उद्घाटनाची भाषणे होतात. मुलांच्या हाती झाडू दिले जातात. सात दिवस गल्ल्या झाडल्या जातात, रोपे लावली जातात, छायाचित्रे निघतात. आठव्या दिवशी शिबिर उठते आणि पंधराव्या दिवशी गल्ली पूर्ववत् होते. ह्या सात दिवसांत, गावची नळवाहिनी आमच्या वस्तीपर्यंत सर्वांत शेवटी का पोचली, हे कोणी विचारीत नाही. आमचे स्मशान कोणत्या शेताच्या बांधावरून जाते आणि ती वाट पावसाळ्यात कोण अडवितो, ह्याची कोणी नोंद करीत नाही. गाव झाडून निघते. गावातील अन्याय मात्र झाडूच्या वाटेस जात नाही.

आणि झाडू कोणाच्या हाती दिला जातो, ह्याचाही विचार करा. ज्या मुलाच्या हाती तो हौसेने दिला जातो, त्याच्या पणज्याच्या हाती तो जन्माने दिलेला होता. गावची येसकरकी, मेलेली जनावरे ओढणे, सरकारी टपाल पोचविणे, वाटेल त्या वेळी वाटेल त्याच्या हाकेला धावणे, हीही 'सेवा'च होती आणि तिचा मोबदला होता बलुत्याची शिळी भाकर. महार वतनाच्या ह्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. पुढे भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगार दंडनीय ठरविली. इतक्या लढ्यानंतर हातातून सुटलेला झाडू 'संस्कार' म्हणून पुन्हा हाती घ्यावयाचा असेल, तर तो सर्व जातींच्या हाती सारखाच पडतो की नाही, हे पाहण्याचा आम्हांस अधिकार आहे. श्रमाची आम्हांस लाज नाही. श्रम करावयाचे कोणी आणि त्यांचे पुण्य घ्यावयाचे कोणी, ही जुनी वाटणी मात्र आम्हांस मान्य नाही.

मग बौद्धाने सेवा करू नये काय? अवश्य करावी. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक आजारी भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून राहिला होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदास पाणी आणावयास सांगितले आणि दोघांनी मिळून त्या भिक्खूस स्वच्छ करून मंचकावर निजविले. परंतु तथागत तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी संघास बोलावले, ह्याची शुश्रूषा का झाली नाही असे विचारले आणि आजाऱ्याची काळजी कोणी घ्यावयाची ह्याचा नियम घालून दिला. बौद्ध सेवेचे तीन भाग ह्यात आले. दुःख हाताने पुसणे, त्याचे कारण विचारणे आणि ते पुन्हा होऊ नये असा नियम करणे. आपल्या शाळांतील सेवा पहिल्या भागाशी थांबते. आपल्या मुलांना दुसरा आणि तिसरा भाग शिकविला पाहिजे.

हे शिकविण्याचे उत्तम पुस्तक आपल्या इतिहासातच आहे. पण तो इतिहास आपण तरी मुलांस नीट सांगतो काय? येथे दोष परक्यांचा नाही, आपला आहे. १४ एप्रिलला मिरवणूक निघते, ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभ्या राहतात, वर्गणीतील मोठा भाग एका रात्रीत आवाजात विरून जातो. महाडचे नाव घेताच मुलाच्या डोळ्यांपुढे ओंजळीने पाणी पिणाऱ्या बाबासाहेबांचे चित्र येते आणि चित्रापाशीच इतिहास संपतो. चित्र खरे आहे. परंतु ते एका लांब कथेतील एका दिवसाचे आहे.

ती कथा अशी. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, असा ठराव रावबहादूर सी. के. बोले ह्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क कागदावर मिळाला होता. तरीही तीन वर्षे एकाही अस्पृश्यास त्या तळ्याचे पाणी घेता आले नाही. मार्च १९२७ मध्ये तेथे परिषद भरली, तेव्हा जमलेल्या हजारो लोकांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. ज्या गावात कायद्याने तळे आपले होते, त्या गावात पाणी विकत! २० मार्चला लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या माणसांस मारहाण झाली आणि तळे पंचगव्याने 'शुद्ध' करण्यात आले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठरावच रद्द केला. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेपूर्वी विरोधकांनी दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आणला. बाबासाहेबांनी तो हुकूम मोडला नाही. ते न्यायालयात लढले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. ओंजळभर पाण्यास एक दिवस लागला आणि ते कायम आपले व्हावयास दहा वर्षे लागली.

ह्या कथेतून मुलाने काय शिकावे? ठराव होणे म्हणजे हक्क मिळणे नव्हे. कागदावरचा हक्क हातात येण्यासाठी कोणीतरी तळ्यावर जावे लागते, कोणीतरी मार खावा लागतो आणि कोणीतरी दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. हा धडा पाठ करून कळत नाही. ज्याने एखाद्या म्हातारीबरोबर तलाठ्याच्या सज्जावर तीन हेलपाटे घातले, त्याला महाड एका दिवसात कळते.

कोणी म्हणेल, महाड दूर कोकणात. गंगाखेडचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा गंगाखेड निजामाच्या राज्यात होते. मुंबईच्या कायदेमंडळाचा ठराव येथे लागूच नव्हता. आमच्या वाडवडिलांना जमीनदार, देशमुख आणि निजाम अशा तिहेरी अमलाखाली राहावे लागले. तरीही ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळच्या मक्रणपूर येथे परिषद भरली आणि तिला बाबासाहेब आले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. दोनच वर्षांत, १९५० मध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील मुले तेथे शिकली. १९५३ मध्ये पडीक व गायरान जमिनींसाठी मराठवाड्यात सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि लाखो लोक तुरुंगात गेले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. त्यापुढे आमच्या वस्त्या जळाल्या, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे ठार मारले गेले आणि नाव प्रत्यक्ष लागावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ठरावापासून पाटीपर्यंत साडेपंधरा वर्षे! महाडचीच कथा गोदावरीच्या खोऱ्यात पुन्हा घडली. हा इतिहास सांगणारी म्हातारी माणसे अद्याप वस्तीत आहेत. ती गेल्यावर कोणास विचारणार?

जगातही हीच वाट चोखाळली गेली आहे. अमेरिकेत काळ्या लोकांना मताचा हक्क संविधानाने दिलेला होता. परंतु दक्षिण कॅरोलिना राज्यात मतदार होण्यासाठी राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे आणि ज्यांना वाचावयास शिकविलेच नव्हते त्यांचा हक्क तेथेच अडे. सेप्टिमा क्लार्क ह्या शिक्षिकेने नागरी हक्कांच्या संघटनेचे सभासदत्व सोडावयास नकार दिला, म्हणून १९५६ मध्ये तिची नोकरी गेली. जानेवारी १९५७ मध्ये तिने सहकाऱ्यांसह जॉन्स बेटावर नागरिकत्वाची शाळा काढली. पुढे दुकान आणि मागे वर्ग, अशी ती जागा होती. शिकवावयास नेमली बर्निस रॉबिन्सन ही केशभूषा करणारी स्त्री. तिने प्रौढ विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी विचारले, तुम्हांला काय शिकावयाचे आहे? ते म्हणाले, आपले नाव लिहावयाचे, मनिऑर्डर भरावयाची, राज्यघटनेचा उतारा वाचावयाचा. तेच पाठ्यपुस्तक झाले. अक्षरओळख आणि हक्क एकाच वेळी शिकविले गेले. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात तरुण स्वयंसेवकांनी अशा चाळीसच्या आसपास शाळा चालविल्या. त्या लोकांच्या हाती सत्ता नव्हती, पैसा नव्हता. आपल्या हाती संविधान आहे, विहार आहेत, शिकलेली मुले आहेत. मग आपण काय करतो?

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. गंगाखेड तालुक्यातील प्रत्येक विहाराने आठवीपासून पुढच्या मुलामुलींसाठी रविवारचा एक वर्ग चालवावा. शिक्षकांनी आणि महाविद्यालयांतील सेवा योजनेच्या प्रमुखांनी तो आपल्या तासांत धरावा. वर्गात पुढील तीन कामे घ्यावीत.

पहिले काम जातीच्या दाखल्याचे. हे नवदीक्षितांस सर्वांत जवळचे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचे स्थान हिंदूंपुरते ठेवले. १९५६ मध्ये ते शिखांस मिळाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या सवलतींस मुकलो. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राने बौद्धांस त्या यादीत घेतले १९९० मध्ये. चौतीस वर्षे आपल्या माणसांनी धम्मासाठी ही किंमत मोजली, हे किती मुलांस ठाऊक आहे? आणि आजही घोटाळा होतो, तो येथेच. 'बौद्ध' हा धर्म आहे. यादीत नाव असते ते मूळ जातीचे. शाळेच्या नोंदीत केवळ 'बौद्ध' लिहिले गेले की, पुढे दाखल्यासाठी मूळ जातीचा पुरावा शोधीत फिरावे लागते आणि तो शक्यतो १० ऑगस्ट १९५० च्या पूर्वीचा मागितला जातो. आपल्या भागात त्या काळचे पुष्कळ दप्तर उर्दूत आहे. मुलांनी प्रत्येक घरची कागदपत्रे पाहावीत, पणजोबांच्या शाळेच्या व जमिनीच्या नोंदी शोधाव्यात, उर्दू वाचणाऱ्या शेजारच्या वडीलधाऱ्या मुसलमान गृहस्थास आदराने घरी बोलावून त्या वाचून घ्याव्यात. बंधुतेचा ह्याहून चांगला धडा कोणता?

दुसरे काम गायरानाचे. गायरान कसून खाणाऱ्या भूमिहीन अनुसूचित जातींच्या कुटुंबांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी काढला. परंतु पुरावा नसेल तर निर्णय काय कामाचा? तलाठ्याच्या गाव नमुना एक-ई मध्ये नोंद आहे काय? दंड भरल्याच्या जुन्या पावत्या पत्र्याच्या पेटीत आहेत काय? मुलांनी ती पेटी उघडावी, पावत्यांची यादी करावी, कोणत्या साली कोणाच्या बापाने दगड वेचून ती जमीन कसाऊ केली, हे म्हाताऱ्यांच्या तोंडून लिहून घ्यावे. एकाच वहीत दादासाहेबांच्या सत्याग्रहाचा इतिहासही येईल आणि त्या घराच्या उद्याच्या भाकरीचा पुरावाही.

तिसरे काम पाण्याचे. गावात नळाचे पाणी कोणत्या गल्लीत कोणत्या दिवशी आणि किती वेळ येते, ह्याची महिनाभर नोंद करावी. टँकर येत असेल तर तो कोठे उभा राहतो, तेही लिहावे. मग ती वही ग्रामसभेत वडीलधाऱ्यांच्या हस्ते मांडावी. उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्काचा अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यास बंधनकारक आहे. हीच चवदार तळ्याची खरी जयंती.

ह्यावर आक्षेप येतील. कोणी म्हणेल, मुलांना राजकारणात ओढू नका. ज्याच्या घरी पाणी आपोआप येते त्याला पाणी हे राजकारण वाटते; डोक्यावर घागर वाहणाऱ्या मुलीला ते वाटत नाही. कोणी म्हणेल, शेजाऱ्यांशी वैर होईल. वैर होऊ नये म्हणूनच कागद आहे. दगडाचे उत्तर दगडाने देणारा समाज थकतो. अर्ज, नोंद आणि निकाल ह्यांनी उत्तर देणारा टिकतो. तथापि एक दक्षता हवी. जेथे धोका असेल तेथे पुढे मोठ्यांनी उभे राहावे, मुलांनी केवळ लिहावे व वाचावे. मुलाच्या शौर्यावर बापाने आपले भित्रेपण झाकू नये.

आणखी एक आक्षेप आपल्या घरातलाच आहे. आईबाप म्हणतात, पोराने अभ्यास करावा, नोकरी मिळवावी, ह्या भानगडी नकोत. ऊसतोडीला सहा-सहा महिने गाव सोडून जाणाऱ्या आईबापांच्या तोंडी हे वाक्य आले तर त्यात माया आहे, हे आम्ही जाणतो. परंतु विचार करा. ज्या दाखल्यावर ती नोकरी मिळणार, तो कोणी मिळविला? ज्या वसतिगृहात तो राहणार, ते कोणी मागितले? नोकरी मिळून ज्याला आपली वस्ती परकी झाली, तो शिकला असे आम्ही म्हणणार नाही. तो फक्त सुटला. आणि एकटा सुटलेला माणूस उद्या संकटात सापडला, तर त्याच्यामागे उभे राहावयास कोण असेल?

हे शब्द हवेतले नाहीत. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावी बंद झाला, धरपकड झाली. अटक झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा अभ्यास करणारा तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. त्याची माता रडून घरी बसली नाही. ती उच्च न्यायालयात गेली. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. ह्या मातेने आपल्या सर्वांस नागरिकशास्त्र शिकविले आहे. गंगाखेडपासून परभणी किती लांब आहे?

काचेच्या पेटीत ठेवलेले संविधान कोणीही माथेफिरू फोडू शकतो. ज्या मुलाने त्यातील एक कलम वापरून आपल्या आजीची जमीन राखली, शेजारणीचा दाखला काढून दिला, गल्लीत पाणी आणले, त्याच्या हातचे संविधान कोण फोडणार? म्हणून बंधुभगिनींनो, येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर लगेच उठू नका. मुलांना जवळ बसवा, पत्र्याची ती जुनी पेटी आणा आणि तिच्यातील पहिला कागद त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. वर्ग तेथूनच सुरू होईल.

जयभीम.